लाटणं बारीकच होत गेलं

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, तरी डोक्यातून ते लाटणं जात नाही.

निवृत्तीनंतर मी मशीनवर लाकूड कातायला शिकलो. आज सोसायटीतल्या बायकांना लाटणं करून दाखवायचं होतं. फिरत्या बाभळीच्या तुकड्याला पटाशी लावली, लाटणं छान गोल झालं. तिथेच थांबायला हवं होतं. पण सगळ्या टक लावून बघत होत्या. मला एक टोक जाड वाटलं. ते तासलं, तर दुसरं जाड वाटू लागलं.

"अहो, झालंय ते. ठेवा पटाशी," आमची ही म्हणाली.

ऐकू येत होतं, पण हात थांबेना.

"काका, पोळ्या लाटायच्यात की कान कोरायचेत?" शेजारच्या शिंदेबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

शेवटी हिनेच बटण बंद केलं. लाटणं उचलून म्हणाली, "पापडाला असंच बारीक लागतं."

झालं! आता सगळ्यांना पुढच्या रविवारी पापडाचं लाटणं करायला शिकायचंय. मला नाही म्हणता आलं नाही.

लोक बघत असताना आता पुरे, हे तुम्हाला कसं कळतं? खरंच सांगा. रविवारी ही येवल्याला बहिणीकडे चाललीय. बटण कोण बंद करणार?