भुईवर घेतलेला माणूस

कॉटनपेटेतल्या शिंप्यांच्या गल्लीत सकवारबाईला लोक ओळखत ते तिच्या काजांवरून. लष्करी गणवेशाच्या जाड कापडाला ती अशी काजं करी की कोट विरून जाई, पण काज सुटत नसे. नवरा उमाजी मशीनवर, ती उंबऱ्याशी उजेडाला. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हीकडे उमाजीची थट्टा.

"सकू, तुझं बटण तुटेल एखाद वेळ, माझी शिवण नाही उसवायची," तो म्हणे.

त्याची थोरली विधवा बहीण भागुबाई आतून उत्तर देई, "मापच चुकल्यावर शिवण घट्ट असून काय करायचंय?"

सकवार हसे, पण थोडंच. तिच्या मनात लहानपणापासून एक भीती घर करून होती. तिचा बाप खाटेवर गेला होता. ती उशाशी वारा घालीत बसली होती. तिला वाटलं, डोळा लागला. माणूस जायला निघाला की त्याला भुईवर घ्यावं, तोंडात गंगाजळ घालावं, तुळशीचं पान ठेवावं. यातलं काहीच झालं नाही. मग घरात काहीही बिनसलं, गाय आटली, भावाची सोयरीक मोडली, की म्हातारी माणसं म्हणत, खाटेवर गेलाय, जीव अडकलाय त्याचा. मरताना आईने सकवारचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या माणसाला तसा जाऊ देऊ नकोस.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात उमाजी मशीनवरच छाती धरून वाकला. जटक्याच्या घोडागाडीत घालून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, हलायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायची वेळ झाली तेव्हा दोघी नणंदा-भावजया त्याच्याजवळ गेल्या. भागुबाईच्या पिशवीत गंजीचा, तांदळाच्या पातळ पेजेचा, डबा होता आणि त्याखाली, फडक्यात गुंडाळलेला, काशीहून आलेला गंगेचा गडू. सकवारने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

उमाजी बरा दिसत होता. दोन चमचे गंजी प्याला. म्हणाला, "सायबाचा कोट अर्धा राहिलाय. बाहीला हात लावू नकोस, मी आल्यावर..."

वाक्य तिथेच राहिलं. डोळे वर गेले, घशातून घोरल्यासारखा एक आवाज आला आणि मग काहीच आलं नाही.

भाग्यलक्ष्मी नावाची नर्स धावली. तिने मानेला बोटं लावून हाक मारली, तसा एक तरुण डॉक्टर पळत आला आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून उमाजीची छाती दाबू लागला. लोखंडी खाटेची जाळी सैल होती. प्रत्येक दाबासरशी सगळा उमाजी खाली जाई आणि तसाच वर येई. डॉक्टर फळी आणा म्हणून ओरडत होता. फळी कुणाला सापडत नव्हती.

सकवारला फळीचं काही कळलं नाही. तिला फक्त खाट दिसत होती. बापाच्या उशाशी बसलेली ती मुलगी पुन्हा तिच्या अंगात शिरली, पण या वेळी हातात पंखा नव्हता.

"खाली घ्या. त्यांना खाली घ्या," ती मराठीत म्हणाली, मग कन्नडमध्ये. डॉक्टरने कोपराने तिला मागे सारलं. ती फिरून आली आणि उमाजीच्या काखांत हात घातले. कुणी न सांगता भागुबाईने पाय धरले. डॉक्टर क्षणभर थबकला, मग त्याने स्वतःच डोकं सावरलं, आणि तिघांनी मिळून उमाजीला थंड फरशीवर घेतलं.

सकवारला वाटलं, यानेही आशा सोडली. तेवढ्यात डॉक्टर गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा दाबू लागला. आता छाती खरोखर खाली जात होती. जाड कॅनव्हासची शिवण तटकन उसवावी तसा आवाज आला. बरगडी मोडली होती. नर्स उमाजीच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घालत होती. गेलेल्या माणसाची ही विटंबना कशाला, असं सकवारच्या मनात आलं.

भागुबाईने गडूचं झाकण फोडलं. नर्स दोन फुंकरींमध्ये म्हणाली, पाणी नको, छातीत जाईल. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "अम्मा, इन्नू होगिल्ला."

अजून गेला नाही.

गडू उमाजीच्या ओठांकडे आला आणि सकवारने नणंदेचं मनगट धरलं.

"अक्का, थांबा."

"कोरड्या घशानं पाठवतेस माझ्या भावाला?"

"ते म्हणतायत, अजून गेले नाहीत."

"आणि गेला तर?"

सकवारने मनगट सोडलं नाही. ज्या एका गोष्टीसाठी तिने त्याला भुईवर ओढलं होतं, तीच ती आता अडवत होती.

"गेले तर पाप माझं," ती म्हणाली.

भागुबाईने जोर केला, पण पंचवीस वर्षं जाड कापडात सुई खुपसत आलेला तो हात सुटेना. थोडं गंगाजळ फरशीवर सांडलं. डॉक्टरने इंजेक्शनची लांब सुई छातीत घातली, पुन्हा दाबत राहिला. घाम त्याच्या नाकावरून उमाजीच्या उघड्या छातीवर पडत होता. सकवार देवाला काही मागत नव्हती. ती फक्त धरून होती.

मग नर्सची बोटं मानेवर थांबली, आणि थांबूनच राहिली. तिने डॉक्टरकडे पाहिलं. त्याने हात उचलले. उमाजीची छाती आपली आपण हलली.

कित्येक दिवस तो शुद्धीवर आला नाही. पुढेही त्याला कापडाचं माप जमलं नाही. सायबाच्या अर्ध्या कोटाची चौकशी तो रोज नव्याने करी, आणि मशीनवर सकवार बसू लागली. पण ते नंतरचं. दवाखान्यात ती खाटेच्या एका बाजूला बसे, भागुबाई दुसऱ्या बाजूला. नणंदेच्या मनगटावरचे वळ काळेनिळे होऊन पिवळे पडले. भागुबाई पदराने ते झाकत नसे.

एका सकाळी उमाजीचे ओठ हलले. बायकोकडे बघत त्याने आईला हाक मारली आणि पाणी मागितलं. सकवारने नर्सकडे पाहिलं. चमच्याने, स्वल्प स्वल्प, ती म्हणाली.

सकवार तांब्याकडे वळली, तर भागुबाईने पिशवीतून गडू काढून पुढे धरला. फुटलेल्या झाकणावर तिने फडकं बांधलं होतं.

"आता घाल," ती म्हणाली. "गिळेल तो."