डॉजचा डी, ऑस्टिनचा ए

निगडीच्या सुभद्राबाईला पाटी-पेन्सिल कधी मिळाली नाही. तिला जी चार अक्षरं आली, ती चिंचेच्या कोळात आणि राखेत हात घालून आली.

लढाई संपल्यावर देहूरोडच्या डेपोतले लष्करी ट्रक लिलावात निघू लागले. आकुर्डीला सडकेच्या कडेला नूरमोहम्मद मिस्त्रीची शेड होती. तो ते ट्रक घेई, दुरुस्त करी आणि विकी. गिऱ्हाईक इंजिन बघायच्या आधी रेडिएटरवरचा बिल्ला बघे. बिल्ला अस्सल तर गाडी अस्सल, नाहीतर दहा गाड्यांची गोधडी. म्हणून रंग मारण्याआधी बिल्ले उतरवले जात आणि सुभद्राबाई ते घासून लख्ख करी. सात वर्षांत तिचा हात असा बसला, की मागच्या कडेवरून अंगठा फिरवून ती सांगे, "ह्यो खरा न्हाई, नूरभाई. ह्यो कुनीतरी वतलाय." मिस्त्री तिच्या शब्दावर माल परत पाठवी.

घासता घासता ती विचारी, हे काय, ते काय. डॉजचा डी, त्याच्याच शेवटचा ई, ऑस्टिनचा ए.

तिचा नवरा सयाजी लष्करात ड्रायव्हर म्हणून ब्रह्मदेशाकडे गेला, तो बेपत्ता झाला होता. "ठावठिकाना न्हाई, पन येईल," असं दीर उद्धवराव सांगे. घरात वाचता येणारा तो एकटाच. सुभद्राबाई दरसाल वडाला दोरा गुंडाळी, कपाळावर ठसठशीत कुंकू लावी.

चोपन्न साली दिवाळीच्या आवराआवरीत तिनं सासूची ट्रंक उघडली. सासू जाऊन दोन वर्षं झाली होती. तळाशी एक पिवळा पडलेला सरकारी कागद होता. इंग्रजी. ती तो परत ठेवणारच होती, पण शेवटच्या ओळीत बिल्ल्यांवर असतात तशी मोठी अक्षरं दिसली. डी. ई. ए. पुन्हा डी.

हा शब्द तर तिच्या रोजच्या नजरेतला! निकामी बॅटरीवर मिस्त्री खडूनं हाच लिही. "डेड. हिचा जीव गेला," म्हणे.

कागद पदराआड धरून ती तडक आकुर्डीला निघाली, वहाणा घालायचंही भान राहिलं नाही.

मिस्त्रीनं कागद वाचला आणि चष्मा काढला. "वहिनी, बसा."

"उभीच बरी हाय. वाचा."

"सयाजीराव गेले, वहिनी. मार्च चव्वेचाळीसमध्ये."

दहा वर्षं. दरसाल वड पुजला होता तिनं, मेलेल्या माणसाच्या आयुष्यासाठी.

उद्धवराव गोठ्यात होता. कागद पाहताच त्याच्या हातातली पेंढी गळाली. "आईनं शपथ घातली व्हती, वैनी. म्हनली, सून पांढऱ्या कपाळानं दारात बघवनार न्हाई."

"आन् आई गेल्यावर?"

"रोज सांगायचं म्हनत व्हतो," एवढंच तो पुटपुटला.

जावेनं रडत येऊन तिच्या बांगड्यांना हात घातला, तसा सुभद्राबाईनं हात मागे ओढला. "ऱ्हाऊ दे. दहा वर्सं तुमी मला सवाष्न ठिवली. आता रांडाव मी माझ्या सवडीनं व्हईन."

भटजींना विचारून पवनेच्या काठी दिवस घातले. तीही गेली. तिला वाटलं होतं, कावळा शिवणारच नाही. एवढी वर्षं ताटकळलेला जीव, त्याची काहीतरी इच्छा अडली असेल, आपल्याला शब्द द्यावा लागेल. पण उद्धवरावानं पिंड ठेवून पाठ फिरवली न फिरवली, तोच कावळा आला आणि घास उचलून गेला.

सुभद्राबाई बघतच राहिली.

"इतक्यात?" ती म्हणाली. "कायच मागनं न्हवतं त्यांचं?"

आणि मग, कागद सापडल्यापासून पहिल्यांदाच, वाळूत बसून ती मोठ्यानं रडली.