पानवेल आत घेताना

आमच्या या अमेरिकन गावात, प्लेनोत, जानेवारीत सकाळी अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि संध्याकाळी कानटोपी, असा दिवस वर्षातून एकदा तरी येतोच. मला तो सोसत नाही. मला आधी कळवून येणारी थंडी आवडते. त्या वर्षीही शनिवारी रात्री गोठणार म्हणून मी कामं फ्रिजवर लिहून लावली होती. कुंड्यांना आधी पाणी, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब जास्त वेळ धरते. लहान कुंड्या गॅरेजमध्ये. जड कुंड्या भिंतीलगत एकत्र, वरून जुन्या चादरी, पण चादर थेट जमिनीपर्यंत आणि कडेवर विटा. झाडाच्या गळ्याशी चादर बांधली तर जमिनीची ऊब बाहेरच राहते. प्लास्टिक अजिबात नको.

पानवेलीपुढे मात्र मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ही विड्याच्या पानांची वेल सासूबाईंची. दर हिवाळ्यात त्या आमच्याकडे येत. अशाच एका फेरीत मॉरिसव्हिलला नणंदेकडे गेल्या असताना तिथून त्यांनी वेलीचा हातभर तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि मोठ्या कुंडीत लावला. इथल्या दुकानात पानं मिळतात, पण ती फ्रिजमध्ये अर्धी काळी पडलेली. त्यामुळे सत्यनारायण असो, बारसं असो, ओळखीच्या मराठी घरांतून फोन आमच्याकडे येतो. फोन मी घेते. सासूबाई इथे असल्या की पानं त्याच निवडून देत.

त्या हिवाळ्यात त्यांनी सांगून टाकलं होतं की ही शेवटची फेरी, आता गुडघे विमानात बसू देत नाहीत. वर म्हणाल्या, “तुम्ही माझी आठवण काढाल, न काढाल. पानं मागायला बायका आल्या की माझं नाव निघेल. तेवढी वेल जगव.”

कुंडीला चाकं मीच लावून घेतली होती. पण गेल्या उन्हाळ्यात वेल आपली काठी सोडून मागच्या अंगणातल्या पॅटिओच्या लाकडी खांबावर चढली होती आणि गाठीगाठीतून मुळं फेकून तिनं खांब धरला होता. चाकांचा काही उपयोग राहिला नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना फोनवर हवामानाचा इशारा वाजला. उद्याची थंडी आज रात्रीवर आली होती. बाहेर बघितलं तर कुंपणाचं फाटक आपटायला लागलं होतं, उत्तरेचा वारा. मी मीटिंग अर्ध्यात सोडली, गॅरेजमधून छाटायची कात्री आणली. सासूबाई शाल गुंडाळून सरकत्या दारात उभ्या.

“कात्री कशाला?”

“आई, आज रात्रीच गोठणार आहे. वेल कापते आणि कुंडी आत घेते.”

“सगळी कापणार?”

“गुडघ्याएवढी ठेवते. मुळं वाचली तर फुटेल परत.”

“बाकीच्यांना चादर घालतेस, हिला का नाही?”

“खांबाच्या टोकापर्यंत चादर कशी टिकेल या वाऱ्यात?”

“घालून बघितलीस?”

बघितली नव्हती. म्हणून घातली. पहिल्या झोतात चादर कुंपणापलीकडे गेली, ती आणायला शेजाऱ्याच्या दारी जावं लागलं. परत आले तोवर ऊन भिंतीवरून उतरलं होतं, आणि आता दुसरीच अडचण होती. सासूबाईंचा नियम असा की दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही. झाडं झोपतात. घरी पाहुणे बसलेले असले आणि तबकात पान नसलं, तरी त्यांनी संध्याकाळनंतर एक पान खुडू दिलेलं नाही. या विषयावर मी पूर्वी वाद घातलेत आणि सगळे हरले आहे.

तेवढ्यात नवरा ऑफिसमधून पोचला. आईचा चेहरा आणि माझ्या हातातली कात्री बघून त्याला काय ते कळलं.

“आई, इथल्या झाडांचा टाइमझोन वेगळा असतो. अजून जागी असतील.”

“गप रे. तुझं तुझ्या मीटिंगमध्ये चालतं हे.”

त्या आत गेल्या. मला वाटलं, झालं. देवापाशी दिवा लागला की विषय संपला. मी कात्री मिटली. बाकीच्या कुंड्या तरी झाकाव्यात म्हणून वळले, तर त्या परत दारात. हातात काडेपेटी.

“मी अजून दिवा लावलेला नाही,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो.

“ऐकलंत ना? लावलेला नाही. आटपा.”

नवऱ्यानं पॅटिओच्या लाइटच्या बटणाकडे हात नेला. “तो नाही लावायचा,” त्या म्हणाल्या. “कुठलाच नाही.”

मी एकटी असते तर चार ठिकाणी कापून मोकळी झाले असते. पण सासूबाईंनी कापायला मनाई केली. “आधी सोडवत जा. ओढू नको. जिथे सुटते तिथून सोडव.” नवरा स्टुलावर चढून वरून, मी खालून. एकेक मूळ नखानं उचकटायचं. बोटं बधिर झाली होती आणि दिसत काहीच नव्हतं. रस्त्यावरच्या सगळ्या घरांत दिवे लागले, आमचंच घर काळंठिक्कर. शेजाऱ्यानं कुंपणावरून हाक मारली.

“काय म्हणतो?” सासूबाईंनी विचारलं.

“विचारतोय, लाइट गेलेत का.”

“सांग, येतील.”

कमरेपर्यंत वेल सुटली. वर मात्र तिनं लाकूड सोडलं नाही. मी पुन्हा पुन्हा नख घालत होते.

“आता काप,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी कापलं. कुंडी ढकलत दाराच्या पट्टीवरून आत घेतली, तेव्हा आतून काडी ओढल्याचा आवाज आला.

सकाळी खांबावर राहिलेली वेल उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. सोडवताना तुटलेली पानं सासूबाईंनी ओल्या फडक्यात ठेवली होती, ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली. पण कुंडीतल्या वेलीला घरातला हीटर मानवेना. रोज एखादं पान गळायचं. मी कुंडी खिडकीशी नेली, मग दमट हवा मिळेल म्हणून बाथरूममध्ये, मग परत खिडकीशी. मातीत बोट घालून बघायचे, पुन्हा तासाभरानं बघायचे.

“एका जागी बसू दे तिला,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तूही बस जरा.”

मार्चमध्ये त्या परत निघाल्या तेव्हा कुंडीत नुसत्या काड्या होत्या. विमानतळावर त्यांनी औषधांचं विचारलं, नातवाच्या परीक्षेचं विचारलं. वेलीचं नाव काढलं नाही. मीही नाही.

त्यानंतर सकाळी चहाच्या आधी मी कुंडीशी जायचे. खालून दुसऱ्या गाठीशी एक दिवस तांबूस टोक दिसलं. धूळ असेल म्हणून फुंकर मारली, ते हललं नाही. तसाच व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाठीजवळ धरला.

“हलवू नकोस गं, काही दिसत नाही.”

मी फोन घट्ट धरून ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पुसला, परत लावला.

“आहे,” त्या म्हणाल्या. “आता पानं वाटायची घाई करू नकोस. कुणी मागितली तर म्हणावं, आईंना विचारून सांगते.”