ताईंचे रिपोर्ट

गंगापूर रोडवरच्या आमच्या सेंटरमध्ये मॅमोग्राफीचं मशीन आलं, त्या आठवड्यात मखमलाबादकडच्या बायकांसाठी आम्ही मोफत तपासणी ठेवली. पहाटे फुलं तोडून, बाजारात धाडून त्या टेम्पोनं आल्या आणि बाकांवर बसून राहिल्या. छाती दाबून फोटो काढतात हे कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे एकही उठेना.

शेवटी आमच्या टेक्निशियन ताई पुढे झाल्या. सेंटर उघडल्यापासून त्या माझ्यासोबत होत्या. "आधी माझा काढू. मी ओरडले तर तुम्ही खुशाल घरी जा," त्या म्हणाल्या. बायका हसल्या. मशीन शिकवायला आलेल्या कंपनीच्या बाईंनी त्यांचा फोटो काढला आणि मग रांग लागली.

फोटो वाचायला मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर होते. ताईंच्या फोटोत डाव्या बाजूला पांढरी गाठ होती, काटेरी कडांची, आत मीठ सांडल्यासारखे ठिपके. अशी गाठ पाहिली की फारशी शंका उरत नाही. बाहेर ताई एकेकीचा पदर सावरत, गप्पा मारत फोटो काढत होत्या. दुपारी त्यांनी स्वतःचा डबा दोघीतिघींना वाटला. मी जेवले नाही.

सगळ्या गेल्यावर त्यांना आत बोलावलं. मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती.

"मी पाहिलंय, मॅडम," त्याच म्हणाल्या. "पुढचीचा फोटो लावताना माझा पडद्यावर दिसला. म्हटलं, आता थांबले तर या सगळ्या पळतील."

ऑपरेशन झालं, केमो झाली. डोक्याला रुमाल बांधून त्या कामावर परतल्या, आणि काही महिने मीही निर्धास्त होते. मग कंबर दुखू लागली. दुसरीकडे स्कॅन करा, असं मी सुचवलं, पण त्या ऐकेनात; प्रत्येक स्कॅन आमच्याकडेच केला. आजार मणक्यात पोचला होता, नंतर यकृतात. दरवेळी ते आधी मला कळायचं. रिपोर्टमध्ये मी अनोळखी बाईबद्दल लिहावं तसं लिहायची, आकार, वाढ, आधीच्या स्कॅनशी तुलना.

शेवटच्या स्कॅननंतर टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "मुलीचं लग्न दिवाळीनंतर धरलंय. जमेल?"

आम्हा रेडिओलॉजिस्टचं काम रिपोर्ट लिहायचं. असं तोंडानं सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

"आधी उरकून घ्या, ताई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि उठायला हात मागितला.

गणपतीआधीच घरासमोर मांडव घालून लग्न झालं. ताई खुर्चीत बसून अक्षता टाकत होत्या. महिनाभरात त्या गेल्या.

त्यांचे यजमान सातपूरला कारखान्यात होते. शिफ्ट सुटल्यावर एकदा ते ताईंचं सामान न्यायला आले. एसीच्या खोलीतला स्वेटर, चपला, पाण्याची बाटली मी पिशवीत भरून दिली.

"तुम्हाला दरवेळी सगळं दिसत होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बाहेर येऊन आमच्याशी हसून कशा बोलायचात?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पिशवीतली बाटली काढून तिचं झाकण घट्ट केलं आणि परत ठेवली. ते पिशवी घेऊन जिना उतरले.