पडद्यावरची खाडी

रत्नागिरीतल्या आमच्या मुलींच्या शाळेला सरकारी योजनेतून एक संगणक मिळाला, तेव्हा मोठ्या बाईंनी तो सरळ माझ्याकडे ढकलला. "तुम्ही गणित शिकवता ना? मग हे तुमचंच." ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. एक कीबोर्ड, पडदा म्हणून टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा कॅसेट रेकॉर्डर, एवढाच संसार. मी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्यातलं निम्मं एस.टी.तच विसरले होते.

मुली दारातूनच वाकून बघायच्या. आत या म्हटलं की म्हणायच्या, "बाई, त्यात सगळं इंग्लिश आहे." खरंच होतं ते. मराठी अक्षर त्या यंत्राला ठाऊकच नव्हतं. मग मी ठरवलं, अक्षरच नको. नुसती चित्रं ठेवायची. बाणाच्या कळांनी चौकट एका चित्रावरून दुसऱ्यावर न्यायची आणि लांब कळ दाबली की काहीतरी घडायला हवं.

काय घडवायचं, हा प्रश्न मला फार पडला नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब आमच्याकडे किनाऱ्यावर लहानपणीच पाठ होतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. मी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून चंद्र, घड्याळ, होडी आणि खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, काढली. एकेका चौकोनाचे आकडे करून यंत्राला भरवले. चंद्र निवडला की तिथी पुढे सरकायची, घड्याळ निवडलं की तास, आणि खाली निळं पाणी वरखाली व्हायचं. होडी पहिल्यांदा पाण्याबरोबर वर चढली तेव्हा वर्गात मी एकटीच होते. मी टाळ्या वाजवल्या.

शाळेच्या प्रदर्शनात ही पडद्यावरची खाडी मांडली. आता मुलींची रांग लागली. पालक आले, तेही चंद्र फिरवून गेले. आमच्या आठवीतल्या एका मुलीची आई कालवं काढून विकायची. ती बराच वेळ मागे उभी राहून पाहत होती. तिच्या लेकीनेच कळ दाबून अष्टमी आणली, घड्याळात बारा केले. पाणी खाली गेलं, खडपं उघडी पडली.

"बाईंनू, ही अष्टमी ना?" आईने विचारलं.

"होय."

"मग ह्या पानी खोटा हाय."

लेक तिचा पदर ओढायला लागली. "आये, गप ना!"

"गप काय? अष्टमीला भांग असतो. खडपा उघडी पडतीलच कशी? मी कालवा काढायला जातंय ना रोज." आणि ती खळखळून हसली.

मी कपाळाला हात लावला. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या भांगाला थोडंच हलतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच! पण वेळेच्या गणितात मी एवढी रमले होते की सगळ्या दिवसांचं पाणी सारखंच धरलं. लाज वाटली, आणि आनंदही झाला, कारण इतका वेळ सगळे नुसतं छान छान म्हणत होते.

"किती उतरतं मग?" मी विचारलं.

तिने जागेवरच पायाला हात लावून दाखवायला सुरुवात केली. पौर्णिमेच्या ओहोटीला तिच्या नेहमीच्या खडपापाशी पाणी घोट्याला, चतुर्थीला गुडघ्याला, अष्टमीला मांडीपर्यंत. मी फळ्याजवळची मोजपट्टी आणली आणि खाली बसून तिच्या लुगड्यावरून मापं घेतली. लेक वहीत आकडे लिहीत होती, आणि मघाची तिची लाज कुठल्या कुठे पळाली होती. मोठ्या बाई तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन आल्या. मला त्या अवस्थेत पाहून त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या गणिताच्या बाई. प्रात्यक्षिक चाललंय."

त्या मापांनी खाडी दुरुस्त झाली. ही बातमी कशी कोण जाणे देवरूखच्या एका शाळेत पोचली. तिथल्या विज्ञानाच्या सरांचं पत्र आलं: आमच्याकडेही असंच यंत्र आहे, तुमची खाडी मिळेल का? मी कॅसेट भरली, डब्याच्या पिशवीत घातली आणि रविवारी स्वतःच गेले.

सरांनी मुलं गोळा करून ठेवली होती. कॅसेट लावली. रेकॉर्डर कर्कश किंचाळला, आणि पडद्यावर काही नाही. आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा लावली. काही नाही. सुदैवाने सगळा प्रोग्राम मी वहीत उतरवून नेला होता. मग मी एकेक ओळ वाचायची आणि सरांनी एका बोटाने टंकायची, असं दीड तास चाललं. मुलं चुळबुळ करत होती, पण एकही उठलं नाही.

अखेर खाडी आली. सरांनी घड्याळ पुढे केलं, तर पाणी चढत चढत होडी बुडवून चंद्रालाही गिळून वर गेलं. मुलं ओरडली, "पूर आला, पूर आला!" एक वजाचं चिन्ह राहून गेलं होतं. सर कपाळ पुसत म्हणाले, "बाई, आम्ही डोंगरातली माणसं. आमचा समुद्र असाच असायचा." चिन्ह घातलं आणि पाणी शहाण्यासारखं खाली उतरलं.

पुढच्या बाकावरची एक छोटी मुलगी उठून उभी राहिली. तिने समुद्र पाहिलाच नव्हता. "बाई, हे पाणी जातं कुठे?"

मी पृथ्वी म्हणून एकाला उभं केलं, चंद्र म्हणून तिला त्याच्याभोवती फिरवलं, बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला लावून पाणी केलं; चंद्र जिकडे जाईल तिकडे पाण्याने सरकायचं. परतीची एस.टी. चुकली. सरांच्या घरी पिठलं-भात जेवून मी संध्याकाळच्या गाडीने निघाले.