रंगमास्तरांची थोरली

"रंग खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो रंग दाखवणारा." रंगमास्तरांचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत नव्हता. भाजीवाल्यानं ऐकलं होतं, दूधवाल्यानं ऐकलं होतं. लेकीच्या सासरच्यांनी तर पहिल्याच भेटीत ऐकलं होतं, आणि तरीही सोयरीक मोडली नाही ही त्या माणसांची थोरवी.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात मास्तरांनी उभी हयात घालवली. गिऱ्हाईक हातभर चिंधी आणून देई आणि तिच्याशी मिळेल असं ठाण रंगवून काढायचं, हे त्यांचं काम. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात नेला की फितूर होतो, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढं पुढं माणसंही ते उन्हात नेल्याशिवाय मानेनात. बैल घेणारा आधी दात बघतो, तसे मास्तर आलेल्या माणसाला आधी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवत.

बायको गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी न बोलणारे आणले. बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आणि तीत जोकर माशांची जोडी सोडली. केशरी अंग, अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना शाईनं ओढल्यासारखी काळी किनार. मोठी ती मादी, तिला ते थोरली म्हणत. लहान तो नर, तो धाकटा. या माशांत घर बाईच्या हुकमात चालतं, हे मास्तर आल्यागेल्याला सांगत आणि वर पुस्ती जोडत, "म्हणून तिथं भांडण नाही."

माशांचे रंगभेद ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हा साधा केशरी, हा जन्माचा काळा, हा पट्टे फुटून हिमकणांसारखा विखुरलेला, हा पट्ट्यावाचून कोरा. काळी किनार जाड की बारीक, डोळ्याभोवतीचं कडं भगवं की राखाडी, एवढ्यावर ते जात सांगत. एकदा एक गृहस्थ दोनच पट्ट्यांचा मासा दुर्मीळ म्हणून मिरवत घेऊन आले. मास्तर म्हणाले, "हे लेकरू आहे. पट्टे डोक्याकडून शेपटीकडं येतात. तिसरा वाटेत आहे." तो आला, आणि गृहस्थांचं मिरवणं संपलं. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या मासेवाल्याच्या दुकानात महाग मासा विकला जायचा तो मास्तरांनी मान हलवल्यावरच. त्यांनी एकदा नाही म्हटलं की तो मासा खपत नसे, आणि दुकानदाराचं नावही काही दिवस खपत नसे.

मुलगा कामासाठी परगावी. घरात मास्तर आणि सून, दोघंच. सून चांगली होती, आणि हेच मास्तरांना खटकायचं. इतकं चांगलं कोणी उगाच असत नाही, पाणी कुठंतरी मुरतंय, असं त्यांना वाटे. टाकीला तर तिनं बोट लावायचं नाही असा दंडक होता.

पण मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुळात कबूलच करेनात. दिवेच हल्ली मंद येतात म्हणायचे. शेवटी लेक हट्टाला पेटली आणि ऑपरेशनसाठी त्यांना आपल्या शहरात घेऊन गेली. आधी उजवा डोळा, डावा पुढं कधीतरी. निघताना मास्तरांनी सुनेला टाकीसमोर उभं केलं. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही. पाणी आटलं तर गोडं घालायचं, खारं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. आणि जाताजाता म्हणाले, "सूनबाई, मला सगळं कळतं."

ते गेले, आणि एका सकाळी टाकीत थोरली एकटीच फिरत होती.

धाकटा टाकीच्या मागं फरशीवर सापडला, संत्र्याच्या सालीसारखा वाळलेला. नळी जिथून आत जाते तिथं झाकणाला फट होती, तिथून त्यानं उडी मारली होती. सून त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. खरं सांगितलं तर सासरे मानणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं मारला म्हणतील, विकला म्हणतील, आणि मग या दोन माणसांच्या घरात पाण्याचा पेलाही कोणी विश्वासानं घेणार नाही. तिनं धाकट्याला गॅलरीतल्या कुंडीत पुरलं आणि कोपऱ्यावरचं दुकान गाठलं.

तिचं सगळं ऐकून मासेवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला, पण त्यानं शोधून शोधून एक नर काढला. तीन पट्टे, तेवढीच अंगलट, किनारही तशीच. रंग जरा गडद होता, पांढऱ्यावर किंचित मळकट झाक होती. "एवढं काय कळतंय," म्हणाला, आणि मग कुणाबद्दल बोलतोय ते आठवून गप्प झाला. थोरलीनं नव्याला दोन दिवस टाकीभर पळवलं, तिसऱ्या दिवशी शेजारी राहू दिलं. सुनेला वाटलं, चला, एका सासूनं तरी पास केलं.

मास्तर परतले ते काळा चष्मा लावून. घरात पाऊल टाकताच तो काढला आणि भिंतीला रंग कधी दिला म्हणून विचारलं. दिला नव्हता. चादर नवी का म्हणाले. नव्हती. हा नव्या डोळ्याचा प्रताप हे त्यांनाही उमगलं, पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्या वळणानं लावला: नजर धुऊन निघाली, आता लपवालपवी चालायची नाही. मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. टाकीवरचा दिवा मालवला, पडदा सारला, दिवसाचा उजेड घेतला. सून स्वयंपाकघराच्या दारात ओला हात पदराला पुशीत उभी होती. तो कोरडा होऊनही ती पुशीतच राहिली.

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "धाकटा आपला आहे."

सुनेनं हात पुसणं थांबवलं.

"पण ही थोरली कोणाची?"

तिला आधी कळलंच नाही. मास्तर बोलत होते ते सावकाश, पंचनामा लिहून घ्यावा तसं. आपल्या थोरलीचे पट्टे दुधावरच्या सायीसारखे, हिचे चुन्यासारखे. आपलीचं केशरी पिकलेलं, हिचं कोवळं. धाकटा जसा सोडून गेलो तसाच आहे, रंगात रतीचा फरक नाही. मग एका टाकीत, एका पाण्यात, एकीचाच रंग कसा बदलला? हातच्या काकणाला आरसा कशाला? मासेवाल्यानं सुनेला हाताशी धरून थोरली पळवली, कारण अशी वयात आलेली मादी कुठं मिळते? आता ते दुकानात जाणार होते, आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाचा रंग उतरवणार होते. तिथून तसेच लेकीकडं, कायमचे. असल्या घरात घास उतरणार नाही.

त्यांनी काठी घेतली. सुनेच्या डोळ्यांपुढं मासेवाला आला. तिच्यासाठी गप्प बसलेला तो माणूस, त्यानं न केलेल्या चोरीपायी दुकानाला कुलूप लावणार होता. आणि थोरलीवरचा आळ खोडायचा तर धाकट्याचं सांगायला हवं होतं.

ती दार अडवून उभी राहिली. "बाबा, थोरली तीच आहे. बदललाय तो धाकटा. मी बदलला."

मास्तर चक्क हसले. "वा. पकडली गेलीस म्हणून आता खऱ्यालाच खोटा ठरवतेस? धाकटा अस्सल आहे. मी सांगतोय."

"अहो, मी त्याला या हातांनी पुरलंय."

"पुरला असशील दुसराच कोणी."

खोटं पचलं होतं आणि खरं घशात अडकलं होतं. मग ती चिडली, आणि घरात आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्यांपुढं तिचा आवाज चढला. "डोळा एकच नवा झालाय ना तुमचा? मग जुन्याला विचारा की. त्याच्यावर तरी विश्वास आहे का?"

मास्तर थबकले. आयुष्यात त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, एक आपली नजर सोडून. ते परत टाकीपाशी गेले. उजव्या डोळ्यावर तळहात धरला. डाव्या, मोतीबिंदूच्या डोळ्यानं पाहिलं, तर समोर थोरली: सायीचे पट्टे, पिकलं केशरी, जशीच्या तशी. हात उचलून डाव्यावर धरला. पट्टे चुन्याचे झाले. पुन्हा बदलला, साय. मासा तोच, जागा तीच, हात तेवढा इकडून तिकडं फिरत होता. मग त्यांनी जुन्या डोळ्यानं धाकट्याला पाहिलं. तो काळपट, मळका, कधीच न पाहिलेला होता. मुळातच मळकट असलेला हा मासा नव्या डोळ्याला तेवढाच पिवळा दिसत होता, जेवढा जुन्या डोळ्याला खरा धाकटा दिसायचा. म्हणून तो जुळला होता.

काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं ही म्हण मास्तरांनी दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवली होती. आत्ता ती कोणी त्यांना ऐकवली नाही.

"कुठं पुरलास?" त्यांनी विचारलं.

तिनं गॅलरीतली कुंडी दाखवली. मास्तर वाकले, मातीवर बोट टेकवलं. सगळं विचारलं: कधी, कुठून पडला, वाळला होता का. झाकणाची फट त्यांनी स्वतःच नळीसाठी कापली होती. तेही त्यांनी पाहिलं.

"घरात आणखी काही बदललंयस?"

"चहाची पूड."

"ते कळलं होतं मला," मास्तर म्हणाले. कळलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा काठी घेतली. लेकीकडून आणलेली पिशवी अजून दाराशीच होती, ती उचलली नाही. सुनेनं विचारलं कुठं निघालात, तर मान न वळवता म्हणाले, जेवायला येतो.

गॅलरीतून कोपऱ्यावरचं दुकान दिसतं. मास्तर पायरीशी पोचले तसा मासेवाला गल्ल्यामागून उठून उभा राहिला. आत एक गिऱ्हाईक होतं. त्यानं पाण्याची पिशवी उंच धरली. तीतला मासा हिमकण होता की नुसताच डागी, ते त्याला मास्तरांच्या तोंडून हवं होतं. मास्तरांनी पिशवी हातात घेतली नाही. काय बोलले ते गॅलरीपर्यंत आलं नाही. मासेवाल्यानं संध्याकाळी सुनेला सांगितलं, की मास्तर एवढंच म्हणाले, "माझा एक डोळा अजून व्हायचाय. तोवर यालाच विचारत जा. हा खरा माणूस आहे."

मग पायरी उतरून ते पुढं चालू लागले, घराच्या उलट्या दिशेला, उगाचच. एका दारावरच्या निळ्या पडद्यापाशी थांबले, हात डोळ्याकडं गेला, मग दुसऱ्या डोळ्याकडं. पुढं एका लाल सायकलीपाशी पुन्हा तसंच. मासेवाला दुकानाच्या पायरीवर येऊन बघत होता आणि सून गॅलरीच्या कठड्यावर रेलून. मास्तर वळणाआड जाईपर्यंत दोघांपैकी कोणी हललं नाही.