गव्हावरचं दळण

माझी श्रद्धा कधी फार पक्की होती, असं मी म्हणणार नाही. नागपूरला इंग्रजी शाळेत होते तेव्हा तिथली प्रार्थना ओठांनी म्हणायचे आणि सुटीत पांढरकवड्याला घरी आले की आईसोबत केळापूरच्या जगदंबेपुढे हात जोडायचे. दोन्हीकडे मन कोरडंच असे. माझा धाकटा भाऊ बाळू गेला, तेव्हा ते हात जोडणंही सुटलं. पाच वर्षांचा होता. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, दिवसभर जुलाब. भाकर आजाऱ्याला जड, म्हणून आई त्याला गव्हाची मऊ पोळी दुधात कुस्करून भरवायची. शेवटचा घासही तोच होता.

दोन वर्षांनी तीच लक्षणं माझ्या चार वर्षांच्या बहिणीत, शकूत दिसू लागली. या वेळी वडिलांनी तिला नागपूरला नेलं. तिथले म्हातारे डॉक्टर म्हणाले, "हिच्या पोटाला गहू सोसत नाही. कणभरसुद्धा देऊ नका." परतीच्या मोटारीत आई मला एवढंच म्हणाली, "म्हणजे बाळूले मीच..." आणि पांढरकवडा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्यानंतर शकूसाठी पीठ मळायला ती धजेना. तिचा स्वयंपाक माझ्याकडे आला. आमच्या घरी भाकर क्वचितच होई, त्यामुळे मला ती येत नव्हती. ज्वारीच्या पिठाला कणकेसारखी ओढ नसते. परातीतून उचलली की भाकर फाटायची. उकळतं पाणी घालायचं, तळहाताने रगडत राहायचं, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, हे मी चुकत चुकत शिकले. आमच्याकडेच राहणारी आत्या शकूला म्हणायची, "खाय माय, तुह्या मेमसाहेबानं आज भारताचा नकाशा भाजला." शकू हसायची. तिच्या हसण्यातही जोर उरला नव्हता.

तीन महिने झाले, तरी जुलाब थांबेनात. आत्याची थट्टा संपली. "पोरीच्या तोंडची पोळी काढली, अन् भेटलं काय?" ती म्हणाली. वडिलांनी सोमवारपासून पोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं. पण बाळूचा तो शेवटचा घास माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी आई देवीला रोडगे करायला निघाली. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. आमच्याकडे नवसाला तेच लागतात. प्रसाद शकूलाही खाता यावा म्हणून मी ज्वारीचं पीठ बांधून घेतलं. देवळामागे झाडाखाली आम्ही गोवऱ्या पेटवल्या. माझा पहिला गोळा निखाऱ्यात फुटला, दुसराही फुटला. शकू आईच्या मांडीवर निपचित पडली होती. मी मनात म्हणाले, आता मला काही सुचत नाही, तूच बघ. इतकं खरं मी देवीशी कधी बोलले नव्हते.

शेजारच्या चुलीवरची एक म्हातारी उठून आली. लुगड्याला ठिगळं होती. "पानात दाब वं माय. ज्वारी उघडी नाही राहत," म्हणत तिने पळसाची पानं पुढे केली. मग माझ्या परातीतलं चिमूटभर पीठ तळहातावर पसरून उन्हात धरलं.

"हा लाल कोंडा कायचा? ज्वारी गव्हावर दयली का?"

गव्हावरच दळत होतो. लोकांची ज्वारी आपल्या पिठात येऊ नये म्हणून गिरणी साफ करायला आधी आपला मूठभर गहू टाकायचा आणि त्यावर आपली ज्वारी, अशी आमच्या घरची सोवळ्याची रीत. त्यातून ज्वारीत उतरलेला तो गव्हाचा कोंडा मी तीन महिने पाहत होते.

"हिले गहू चालत नाही," मी कसंबसं म्हणाले.

"मंग चारून कायले राह्यली?"

तिने आपलं गाठोडं सोडलं. "हे घरच्या जात्यावरचं व्हय. आमच्या घरी गहू येतच नाही, तं मिसळंन कुठून?" मग आईकडे पाहून तिने गाठोडं जरा मागे घेतलं. "तुमाले चालत असंन तं."

परक्याचं पीठ आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. आईने पदर पसरला.

त्या पिठाचे पानगे मी पळसाच्या पानांत भाजले. एकही फुटला नाही. देवीला दाखवून एक शकूला भरवला. माळ्यावरचं जातं त्याच संध्याकाळी खाली आलं. दोन आठवड्यांत जुलाब थांबले आणि दिवाळीत शकू अंगणात धावली.

म्हातारीचं नाव मी विचारलं नाही. लाजले. पुढच्या वर्षी शोधलं, पण ती दिसली नाही. देवीने पाठवली की ती आपल्या नवसाला आली होती, हे मी ठरवत बसत नाही. मला इतकंच कळतं, की आम्ही जे उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं तेच औषध होतं, आणि आमचे सगळे उपाय संपल्यावरच आम्ही पदर पसरला.

अजूनही आम्ही दरवर्षी जातो. आई नैवेद्याच्या पानावर एक पानगा बाजूला काढते, फुंकर घालून निववते आणि बाळूला भरवायची तसा दुधात कुस्करते. मी तिच्या शेजारी बसून राहते.